तांबड्याच्या वाटणीची चटणी

नळदुर्ग,
२ जानेवारी १९४७

चि. गुंडप्पा,

आशीर्वाद. तुझं पत्र आलं तेव्हा मी दुकानात होतो. तुझ्या मामीनं निरोपावर निरोप धाडून मला घरी आणवलं, कारण पाकीट फोडायचा मान माझा असला तरी ऐकायची घाई तिची. वाचून दाखवत होतो, सगळं नीट चाललं होतं. पण गोदीत दुरुस्तीला पाण्याखाली जाणारी बोट आली आहे आणि तिच्या पोटात शिरून नळ जोडायचं काम तुला मिळालंय, हे वाक्य आलं आणि तिनं पत्र माझ्या हातून हिसकावून घेतलं. आपल्याला वाचता येत नाही हे ती अशा वेळी विसरते.

मी समजूत घातली. म्हणालो, "अगं, आपल्या किल्ल्यातला पाणीमहाल आठव. बोरी नदी बंधाऱ्यावरून धो धो वाहते आणि आपण बंधाऱ्याच्या पोटात कोरडे ठणठणीत बसतो. तसलाच महाल, फक्त चालता." त्यावर ती म्हणाली, "पानीमहालाला जिना हाय. वाटलं की वर येता येतंय. ह्या बोटीला काय हाय?" याचं उत्तर तूच कळव.

तिचं म्हणणं थोडक्यात असं. बोट गोदीत आहे तोवर तिच्यात शंभरदा जा. ती पाण्याखाली जायला निघाली की तू काठावर. याची तिला गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवून शपथ हवी आहे. तुझी आई गेली तेव्हा तू रांगत होतास. तेव्हा हिनं तुला कडेवर घेतलं ते अजून खाली ठेवलेलं नाही, हे तुला मी सांगायला नको.

आता माझं. सोबत मामीच्या हातचा नवा शिवदोरा पाठवतोय. दिवाळीत तुझ्या गळ्यातला दोरा पाहिला. त्याला ओला रुमाल अडकवला तरी तुटेल. अरे, गळ्यातलं लिंग त्या दोऱ्याच्या भरवशावर असतं. जुनी माणसं लिंग हरवलं तर दुसरं धारण करेपर्यंत पाण्याचा थेंब घेत नसत. आणि आपलं लिंग परक्याच्या हातात जाता कामा नये हेही लक्षात असू दे. तेव्हा दोरा आजच्या आज बदल.

येळवशीच्या अमावास्येची शेतपूजा यंदा झकास झाली. शेतात तुझ्या वाटणीची मिसळ भाज्यांची भज्जी आणि आंबील काढून ठेवली होती, ती मीच संपवली. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी पाठवत आहे. चटणी कमी भरली तर मामीला बोल लावू नकोस. सोलापूरच्या वाटेवर निजामाची हद्द संपते तिथं करोडगिरीचा जकात नाका आहे, आणि तिथला जमादार प्रत्येक गाठोडं चाखून पाहिल्याशिवाय सोडत नाही.

वीरप्पा

---

मुंबई,
१२ जानेवारी १९४७

मामा, मामी, शरणार्थ.

गाठोडं मिळालं. जमादारानं अर्धी चटणी 'तपासली' आहे. उरलेलीची कथा पुढं.

आधी मामीचा प्रश्न. बोटीला दार आहे. वर छपरालाच आहे, लहान विहिरीच्या तोंडाएवढं, आणि लोखंडी शिडीनं उतरायचं. आम्ही कामगार तिला 'म्हैस' म्हणतो. काळी, पोट सुटलेली, आणि पाण्यात बसली की नुसती नाकपुडी वर. आमचा मुकादम साहेबांसमोरसुद्धा म्हैसच म्हणतो. साहेबाला वाटतं ते फार मानाचं नाव असावं.

माझं काम तिच्या स्वयंपाकघरातल्या पाण्याच्या नळांचं. स्वयंपाकघर कसलं, आपल्या देव्हाऱ्याच्या खोलीपेक्षाही लहान. तेवढ्या जागेत चाळीस माणसांचं रांधणारा एक खलाशी आहे. माझ्याहून लहान असेल. केस मक्याच्या कणसाच्या शेंडीसारखे तांबडे, म्हणून तो आमचा तांबड्या. बंदरांत फिरून मोडकं हिंदुस्तानी शिकलाय. सगळ्यांना 'भाईसाब' म्हणतो, आपल्या शेगडीलासुद्धा.

परवा मी भाकरीचं फडकं सोडून बसलो तर त्यानं एक भाकरी उचलली, बोटानं वाजवली आणि हा पत्र्याचा तुकडा कुठं बसवायचा म्हणून विचारलं. मी त्याला चटणी लावून घास दिला. तोंड केसांइतकं तांबडं झालं, डोळ्यांतून पाणी आलं, मला वाटलं आता हा मला समुद्रात फेकणार. तर त्यानं दुसरा घास मागितला! मामी, आता तुमची चटणी उकडलेल्या बटाट्यावर पडते आणि चाळीस गोरे खलाशी हा हू करत खातात. तांबड्यानं तुम्हाला 'मामीसाब को सलाम' सांगितला आहे.

मामा, शिवदोरा मिळाला. फार सुरेख आहे.

तुमचा गुंडप्पा

---

नळदुर्ग,
२१ जानेवारी १९४७

चि. गुंडप्पा,

'शिवदोरा मिळाला. फार सुरेख आहे.' बाळा, माझा जन्म गिऱ्हाईक ओळखण्यात गेला. 'माल फार सुरेख आहे' म्हणणारं गिऱ्हाईक माल न घेताच जात असतं. घातलास का, ते लिही.

शपथेबद्दलही तुझ्या पत्रात एक अक्षर नाही. मामीला मी 'घेतली आहे' असं वाचून दाखवलं. आता ती खरी करणं तुझ्याकडे.

तुझ्या त्या तांबड्याचं पुराण तिनं मला तीनदा वाचायला लावलं. माझं मत तिला स्पष्ट सांगितलं. म्हणालो, लिंगपूजा करून केलेली चटणी तू कोणाच्या तोंडी घालतेस, तो काय काय खात असेल त्याचा पत्ता तरी आहे का? ती म्हणाली, "खाईना का. त्येच्या तोंडाला चव तर यिऊ द्या." मग मी दौत पुढं ओढली. या घरात माझं मत स्पष्ट असतं आणि तिचं चालतं. पुढचं ती सांगते तसं लिहितो, माझ्या नावावर धरू नकोस.

"गुंडू, लेकरा, त्या तांबड्या पोराला इचार, त्येला आई हाय का. एवढ्या लांब, आन त्ये बी पान्याखाली, कुनी धाडलं त्येला? ह्या टायमाला म्या दोन पुरचुंड्या बांधल्यात. लाल फडक्यातली त्येची. त्येच्यात मिरच्या कमी घातल्यात, लेकराला ठसका लागाय नको. आन तू लिंगावर हात ठिवून बोललाईस, पान्याखाली जायाचं न्हाय. व्हय का न्हाय?"

काल गाठोडं सोलापूरला पोचवताना नाक्यावरच्या जमादाराला मी बजावलं, लाल पुरचुंडीला हात लावू नका, ती गोऱ्या आरमाराची आहे. तो दचकून उठून उभा राहिला. मग विचार करून त्यानं तुझ्यातली दुप्पट खाल्ली.

वीरप्पा

---

मुंबई,
४ फेब्रुवारी १९४७

मामा, मामी, शरणार्थ.

मामी, तांबड्याला आई आहे. समुद्राकाठच्या एका गावात पाव भाजून विकते. त्यानं तिला तुमच्या चटणीबद्दल कळवलं, तर तिनं उलट विचारलंय की हे कोणत्या दुखण्यावरचं औषध, आणि माझ्या पोराला झालंय तरी काय? तुमची लाल पुरचुंडी मिळाल्यावर त्यानं ती डोळ्यांना लावली. मग चाखली आणि तोंड पाडून म्हणाला, "भाईसाब, इसमें मिर्ची कम है." तेव्हा पुढच्या खेपेला त्याला परका समजू नका.

मामा, इथून पुढच्या ओळी मोठ्यानं वाचू नका. खोकला आला असं करा.

बोट तयार झाली. येत्या मंगळवारी ती परीक्षेसाठी समुद्रात जाणार. दिवसभर बुडी मारून, वर येऊन संध्याकाळी परत. मुकादमाचा नियम आहे की ज्यानं जे सांधे जोडले त्यानं बुडीच्या वेळी त्या सांध्यांपाशी उभं राहायचं. कामात कोणी हयगय करत नाही ती त्यामुळंच. मी हो म्हणालोय. खरं सांगू का मामा, मुकादमानं सांगितलं नसतं तरी मी मागून घेतलं असतं. तुम्ही मला खांद्यावर घेऊन पाणीमहालात नेलं होतं. नदी डोक्यावरून जाताना पाहिलेल्या पोराला समुद्र डोक्यावरून जाताना पाहायचा मोह कसा आवरेल? शपथ मी घेतलेली नाही, तेव्हा मोडत नाही. आल्यावर सगळं मीच मामीला सांगेन.

आता खोकला थांबवा.

मामी, प्रकृती उत्तम आहे. जेवण वेळेवर होतं.

तुमचा गुंडप्पा

---

सोलापूर,
१३ फेब्रुवारी १९४७

गुंडप्पा,

माल भरायला सोलापूरला आलो होतो. अडतीच्या दुकानात वर्तमानपत्र पडलं होतं. त्यात लिहिलंय, दुरुस्त होऊन मंगळवारी परीक्षेला गेलेली पाणबुडी अजून वर आलेली नाही. सगळे खलाशी आणि गोदीचे कामगार तिच्यात आहेत. आत हवा किती वेळ पुरते तेही लिहिलंय. मी पुढं वाचलं नाही.

तुला तार केली आहे. उत्तर अडतीच्या पत्त्यावर मागवलंय. तार पोचली नाही तर म्हणून हे पत्रही टाकतो. कोण फोडणार आहे ते मला माहीत नाही.

मी घरी जाऊ शकत नाही. काय तोंड घेऊन जाऊ? तुझ्या त्या ओळींपाशी मी खोकलो. असा खोकलो की तुझी मामी घाबरली. रोज संध्याकाळी आलं आणि गूळ घालून मला काढा करून देत होती, आणि मी लबाड तो पीत होतो. एक शब्द तिच्या कानावर घातला असता तर ती चालत मुंबईला आली असती आणि तुझ्या कानाला धरून तुला काठावर उभं केलं असतं. मला वाटलं पोराची हौस आहे, एक दिवसाचा तर प्रश्न आहे.

गुंडप्पा, तू आहेस असं नुसतं कळव. शिवदोऱ्याबद्दल मी जन्मात एक शब्द बोलणार नाही.

वीरप्पा

---

मुंबई,
१५ फेब्रुवारी १९४७

मामा, शरणार्थ.

मी आहे. काल केलेली तार मिळाली असेलच. दोन दिवस आम्ही सगळे धक्क्यावर बसून होतो, चाळीत आलोच नाही, म्हणून तुमची तार माझ्या दाराशी पडून राहिली. सोलापुरात ही बातमी पोचेल हे डोक्यातही आलं नाही. माझं चुकलं.

मी बोटीवर गेलो नाही त्याचं कारण ऐका. सोमवारी शेवटचा हात फिरवत होतो. स्वयंपाकघराच्या जमिनीतली लोखंडी फळी उघडून खालचा नळ आवळायला वाकलो आणि गळ्यातला दोरा तुटला. जुनाच दोरा. तुमचा नवा पेटीत होता. लिंग फळ्यांच्या फटीतून खाली गेलं. मी आणि तांबड्यानं फळ्यांमागून फळ्या उचलल्या, तो पोटावर पडून विजेरी धरून शोधत राहिला. पण ते कुठं घरंगळलं ते सापडलं नाही.

घशाला कोरड पडली होती, पण मी पाणी घेतलं नाही. मुकादमाला हे कळलं. मला वाटलं तो हसेल. तो म्हणाला, "उपाशी माणसाला मी खाली नेणार नाही, चक्कर येऊन पडशील. आधी तुझा देव आण जा. तुझ्या नळांपाशी उद्या मी उभा राहीन." असं म्हणून तो गेला, मामा. माझ्या जागेवर गेला.

मंगळवारी सकाळी परळच्या जंगम स्वामींकडे जाऊन नवं लिंग धारण केलं. मामीच्या हातच्या दोऱ्यात ओवलं. प्रसाद घेतला आणि संध्याकाळी चटणीची पुरचुंडी घेऊन धक्क्यावर जाऊन उभा राहिलो. तांबड्याला झोंबेल अशी, माझ्यातली. अंधार पडला तरी कोणी आलं नाही. आता सांगतात, बोट फार खोल बसली आहे, वर काढता येणार नाही. काय बिघडलं ते कोणाला ठाऊक नाही. ठाऊक असणारे सगळे तिच्यातच आहेत.

शिवदोऱ्याबद्दल बोलणार नाही असं तुम्ही लिहिलंत. बोला, मामा. रोज बोला.

आणखी एक सांगायचंय. तुम्हाला राग येईल. सोमवारी निघताना मला रडू आलं होतं. तेव्हा तांबड्या म्हणाला, "भाईसाब, रोना नहीं. रात को फिर ढूँढेगा. मिलेगा तो मेरे गले में डालेगा, शाम को तुमको देगा." परक्याच्या हाती लिंग जाऊ नये हे मला माहीत होतं. तरी मी 'अच्छा' म्हणालो.

मामीला सगळं वाचून दाखवा. या वेळी खोकू नका.

तुमचा गुंडप्पा

---

नळदुर्ग,
२५ फेब्रुवारी १९४७

चि. गुंडप्पा,

अनंत आशीर्वाद. तुझी तार हातात पडली तेव्हा मी भर अडतीत, व्यापाऱ्यांच्या देखत, पोत्यावर बसून रडलो. भाव पाडायला रडतोय असं त्यांना आधी वाटलं.

तुझं पत्र घेऊनच घरी आलो आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. गाळलेल्या जुन्या ओळीही वाचल्या. ऐकून तुझी मामी आत गेली आणि पेलाभर काढा घेऊन आली. आलं होतं, गूळ नव्हता, कडुलिंब असावा. म्हणाली, "खोकला ऱ्हायला आसंल थोडा." मी शेवटचा घोट घेईपर्यंत समोरून हलली नाही. तू येशील तेव्हा तुझा पेला तयार आहे असं तिनं कळवायला सांगितलंय.

गावभर बातमी झाली. लोक यायला लागले. मी उत्साहात साखरेचं पोतं फोडायला निघालो आणि सगळ्यांच्या देखत म्हणालो, देव तारी त्याला कोण मारी! तर मामी ओसरीवर येऊन उभी राहिली. "मंग त्या चाळीस लेकरांस्नी तारायला द्येव कुठं गेला हुता? आन त्या मुकादमाला? माजं वाचलं म्हनून म्या साखर वाटू, आन तिकडं त्या पाववालीच्या दारात काय वाटू?" पोतं मी तसंच आत ठेवलं. साखर वाटली नाही. शिवरात्रीला मात्र तिनं स्वामींना घरी बोलावलं आणि त्या सगळ्यांच्या नावानं पूजा करायला सांगितली. स्वामींनी नावं विचारली. आमच्याकडे एकच होतं, तांबड्या. स्वामींनी तेच घेतलं. खरं नाव कळलं तर कळव, मुकादमाचंही.

पूजा झाल्यावर तिनं ताट आवरलं. मग मला म्हणाली, लिहायला घ्या. तिच्याच शब्दांत देतो.

"गुंडू, रडत बसू नको. तुला आईनं न्हाय, म्या वाढवलं. तू गेला आसतास तर म्या काय केलं आसतं त्ये मला ठावं न्हाय, म्हनून देवाला हात जोडलं, खोटं कशाला बोलू. पर त्या पोराचं सारकं मनात येतंय. आपल्यात मानूस गेलं की त्येला जाळत न्हायती. बसवून, हातात लिंग दिऊन मातीत ठिवत्यात. ही पोरं पान्यात बसलीत, येवढाच फरक. आन त्येंच्यासंगं लिंग बी हाय. त्या तांबड्यानं रातच्याला शोधलं आसंल. त्यो शब्दाचा हाय, ज्येनं दोनदा ठसका लागून बी चटनी खाल्ली, त्यो अर्ध्यात सोडनारा न्हाय. त्येला सापडलं आसंल. तू न्हाय म्हनू नको."

लाल फडक्यात चटणी काल सोलापूरहून पाठवली आहे. ती तांबड्याच्या आईला पोचती करायची, कशी ते तू बघ, तिथं साहेब लोकांना विचार. मिरच्या पुऱ्या घातल्यात, कारण परका समजू नका असं तूच लिहिलं होतंस. सोबत लिहून दे की हे औषध नाही, तुमच्या पोराला काही झालेलं नव्हतं, त्याला हे आवडत होतं. नाक्यावर जमादारानं सवयीनं हात पुढं केला. मी त्याला ही कोणाची ते सांगितलं. त्यानं गाठ उघडली नाही. "ले जाइए, शेठ," म्हणाला आणि स्वतः उचलून मोटारीत ठेवली.

आता माझं. परक्याच्या हाती लिंग जाऊ नये, हे मीच तुला लिहिलं होतं. मामी सांगत होती तेव्हाही मी नियम सांगायला तोंड उघडलं होतं. मग तो पोरगा पोटावर पडून विजेरी धरलेला डोळ्यांपुढं दिसला, आणि मी ते मिटलं. सापडलं असेल तर असू दे त्याच्या गळ्यात. त्याला शोभेल.

दोरा दर दिवाळीला बदलत जा. आणि तुझं पहिलं लिंग कुठं गेलं असं कोणी विचारलं तर हरवलं म्हणू नकोस. दिलं म्हण.

तुझा मामा
वीरप्पा